वाचकांचे प्रश्न : आफ्रिकी-अमेरिकी संशोधक आणि रोजच्या वापरातील वस्तू

प्रश्न : एक गोष्ट मी अनेकदा वाचली आहे. एक मुलगा आईला विचारतो, की कृष्णवर्णीय माणसे जगात नसती तर काय झाले असते; आणि मग घरातली एकेक वस्तू नाहीशी होऊ लागते. इस्त्रीचा फळा, पेन्सिलीचे शार्पनर, गवत कापायचे यंत्र, विजेचा दिवा आणि शेवटी चौकातला सिग्नलसुद्धा. हे सर्व शोध खरोखरच आफ्रिकी-अमेरिकी संशोधकांनी लावले आहेत का?

उत्तर : या गोष्टीत येणारी बहुतेक नावे खरी आहेत आणि त्यांच्या नावावरची पेटंटेही खरी आहेत, मात्र ती वस्तू त्यांनीच जगात पहिल्यांदा बनवली, हा दावा बहुतेक ठिकाणी टिकत नाही. गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी १८३० मध्येच घेतले होते. जॉन बर यांना अमेरिकेत १८९९ मध्ये मिळालेले पेटंट त्यातील सुधारणेचे आहे. पेन्सिलीला टोक करणाऱ्या साधनाचे पेटंट फ्रान्समध्ये १८२८ मध्ये दिले गेले होते. मॅसॅच्युसेट्समधील जॉन ली लव यांनी १८९७ मध्ये त्याला खिशात मावेल असे, दांडी फिरवून चालणारे आणि भुसा आतल्या आत साठवणारे रूप दिले. असे असताना 'पहिला' हा शब्द चिकटवण्याचे काहीच कारण नाही. उलट त्यातला एक दावा खोटा निघाला, की या माणसांच्या कर्तृत्वाकडे मुळातच संशयाने पाहणाऱ्यांना सगळी यादी बाजूला सारण्याची सबब मिळते, आणि ते मला फार अन्यायाचे वाटते.

सिग्नलचे उदाहरण घ्यावे. लंडनमध्ये गॅसवर चालणारा सिग्नल १८६८ मध्ये उभा राहिला होता आणि अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात विजेचा सिग्नल १९१४ पासून चालू होता. त्याच क्लीव्हलँडमध्ये राहणाऱ्या गॅरेट मॉर्गन यांना १९२३ मध्ये जे पेटंट मिळाले, ते हातांनी फिरवायच्या, बाहू असलेल्या इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या खांबाचे होते. त्यात 'थांबा' आणि 'जा' यांच्या जोडीला सर्व बाजूंची वाहतूक एकाच वेळी थांबवणारी तिसरी स्थिती होती, आणि तिच्यामुळे चौकात अडकलेल्या गाड्यांना व पादचाऱ्यांना बाहेर पडण्यास अवधी मिळत असे. मॉर्गन यांचे याहून मोठे काम मात्र धुरापासून बचाव करणाऱ्या टोपाचे आहे. आगीत धूर आणि तापलेले वायू वर चढतात व जमिनीलगतची हवा त्यामानाने स्वच्छ राहते, हे लक्षात घेऊन त्यांनी डोक्यावरून घालायच्या टोपाला जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या नळ्या जोडल्या. १९१४ मध्ये त्याला पेटंट मिळाले. जुलै १९१६ मध्ये ईरी सरोवराखाली चाललेल्या पाण्याच्या बोगद्यात स्फोट झाला आणि आधी आत उतरलेले बचाव करणारेही गुदमरून पडले, तेव्हा मॉर्गन व त्यांचे बंधू फ्रँक हा टोप घालून आत शिरले आणि त्यांनी माणसांना बाहेर काढले. हाच टोप विकताना मात्र मॉर्गन यांना गोऱ्या माणसाला संशोधक म्हणून पुढे उभे करावे लागत असे, कारण कृष्णवर्णीयाने बनवलेली वस्तू दक्षिणेकडील राज्यांत कोणी घेत नसे.

विजेच्या दिव्याबाबतही असेच आहे. लुईस लॅटिमर यांनी दिवा शोधला नाही. त्यांनी दिव्यातील कार्बनची तार टिकाऊ कशी करावी हे शोधले. ही तार बनवताना कागदासारख्या वनस्पतिजन्य पदार्थाची पट्टी हवाबंद जागी तीव्र उष्णता देऊन जाळावी लागे, आणि त्या क्रियेत ती आकसून वाकडी होई किंवा तुटे. लॅटिमर यांनी ती पट्टी जाड कागदाच्या पाकिटात ठेवण्याची पद्धत काढली. पाकीट आणि पट्टी एकाच प्रमाणात आकसत असल्यामुळे तारेवर ताण येत नसे. या पद्धतीचे पेटंट त्यांना जानेवारी १८८२ मध्ये मिळाले. त्यांचे आईवडील व्हर्जिनियातील गुलामगिरीतून १८४२ मध्ये पळून बॉस्टनला आले होते. मुलगा पेटंटचे काम पाहणाऱ्या वकिलांच्या कार्यालयात पडेल ते काम करणारा नोकर म्हणून लागला, तिथल्या ड्राफ्ट्समनचे हात पाहून स्वतः आरेखन शिकला, आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या टेलिफोनच्या १८७६ मधील पेटंटची चित्रे काढण्याचे काम त्याच्याकडे आले. पुढे तो एडिसन यांच्या कंपनीत पेटंटविषयक खटल्यांतला जाणकार म्हणून मान्यता पावला. या माणसाला मोठे ठरवण्यासाठी एडिसनचा दिवा त्याच्या नावावर करण्याची गरज नाही.

प्रश्न : गुलामगिरीच्या काळातील संशोधकांची नावे इतकी कमी का आढळतात? त्यांना पेटंट घेण्यास मनाई होती का?

उत्तर : स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीयाला पेटंट मिळू शकत होते. न्यूयॉर्कचे शिंपी थॉमस जेनिंग्ज यांना कपडे कोरडे स्वच्छ करण्याच्या पद्धतीचे पेटंट १८२१ मध्ये मिळाले आणि पेटंट मिळवणारे पहिले आफ्रिकी-अमेरिकी म्हणून तेच ओळखले जातात. व्यवसायातून मिळालेला पैसा त्यांनी गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी खर्च केला. १८५४ मध्ये त्यांची कन्या एलिझाबेथ हिला न्यूयॉर्कच्या ट्राममधून जबरदस्तीने उतरवण्यात आले तेव्हा हे कुटुंब न्यायालयात गेले आणि जिंकले. तिचे वकील चेस्टर आर्थर पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

गुलामांची स्थिती मात्र निराळी होती. मिसिसिपीतील नेड नावाच्या गुलामाने कापसाच्या शेतातील खुरपणी जलद करणारे अवजार बनवले, आणि त्याचा मालक ऑस्कर स्टुअर्ट याने १८५७ मध्ये ते पेटंट आपल्या नावे मागितले. गुलामाच्या हातांच्या श्रमांवर जसा मालकाचा हक्क आहे तसाच त्याच्या बुद्धीच्या फळावरही आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. पेटंटसाठी अर्जदाराला आपणच मूळ संशोधक असल्याची शपथ घ्यावी लागे. मालक ती खरेपणाने घेऊ शकत नव्हता आणि गुलामाला तसा कायदेशीर अधिकारच नव्हता. म्हणून १८५८ मध्ये अमेरिकेच्या अॅटर्नी जनरलनी मत दिले, की गुलामाने लावलेल्या शोधाला पेटंट मिळूच शकत नाही, मालकालाही नाही आणि गुलामालाही नाही. बेंजामिन माँटगोमेरी या गुलामाने उथळ पाण्यातून जाणाऱ्या बोटींसाठी प्रोपेलर बनवला होता. त्याचे पेटंट मिळवण्याचे प्रयत्न याच भिंतीवर आदळले. त्याचा मालक जोसेफ डेव्हिस हा दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याचा भाऊ. त्या राज्यांनी १८६१ मध्ये स्वतःचा पेटंट कायदा केला, तेव्हा गुलामाच्या शोधाचे पेटंट मालकाला देण्याची तरतूद त्यात केली. म्हणजे ज्यांच्या लेखी हा माणूस मालमत्ता होता, त्यांना त्याच्या बुद्धीची किंमत पुरेपूर ठाऊक होती. नेडसारख्या आणखी किती जणांची अवजारे शेतांत आणि कारखान्यांत वापरली गेली असतील, त्याची नोंद कोणत्याही कचेरीत होण्याची शक्यताच कायद्याने ठेवली नव्हती.

प्रश्न : रक्तपेढीचे प्रवर्तक डॉ. चार्ल्स ड्र्यू यांना अपघातानंतर गोऱ्यांच्या रुग्णालयाने रक्त नाकारले आणि त्यामुळे त्यांचा मृत्यू झाला, हे खरे आहे का?

उत्तर : नाही. १ एप्रिल १९५० रोजी नॉर्थ कॅरोलिनात त्यांच्या मोटारीला अपघात झाला. तेथील गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना वाचवण्याचा प्रयत्न केला आणि सोबत असलेल्या कृष्णवर्णीय डॉक्टर सहकाऱ्यानेही तशी साक्ष दिली आहे. खरा अन्याय वेगळा आहे. प्लाझ्मा साठवण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवून १९४० मध्ये ब्रिटनला मदत पाठवणाऱ्या योजनेचे नेतृत्व ज्यांनी केले, त्यांच्याच देशात रेडक्रॉसने आधी कृष्णवर्णीयांचे रक्त घेण्यास नकार दिला आणि नंतर घेतले तरी वेगळे ठेवले. या भेदाला विज्ञानाचा कोणताही आधार नाही, असे ड्र्यू यांनी जाहीरपणे सांगितले होते.

प्रश्न : या संशोधकांपैकी सामान्य माणसाच्या जीवनावर सर्वांत मोठा परिणाम कोणाचा झाला असे आपणास वाटते? स्त्रियांचाही उल्लेख करावा.

उत्तर : एकच नाव घ्यायचे तर मी यान मात्झेलिगर यांचे घेईन. ते १८५२ मध्ये सुरिनाममधील पारामारिबो येथे जन्मले आणि पुढे मॅसॅच्युसेट्समधील लिन या जोडे बनवणाऱ्या गावी कारखान्यात कामाला लागले. तेव्हा जोड्याची शिलाई यंत्रावर होत असे, पण वरचे चामडे कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ताणून, टाच आणि चवड्यापाशी त्याच्या बारीक चुण्या सारख्या बसवून तळाला ठोकण्याचे काम हातानेच करावे लागे. निष्णात कारागीरही दिवसाला साधारण ५० जोड करी, आणि हे बोटांचे कसब यंत्राला कधी जमणार नाही असे सर्व जण मानत. मात्झेलिगर यांनी कारागिरांच्या बोटांच्या हालचाली पाहिल्या, रात्री जागून सिगारच्या खोक्यांची लाकडे आणि भंगारातले तुकडे जुळवून नमुने तयार केले आणि भांडवलासाठी आपल्या हक्काचा मोठा वाटा विकून टाकला. चित्रे इतकी गुंतागुंतीची होती, की पेटंट कार्यालयाला यंत्र पाहण्यासाठी आपला माणूस लिनला पाठवावा लागला. २० मार्च १८८३ रोजी पेटंट मिळाले. हे यंत्र दिवसाला १५० ते ७०० जोड करू लागले आणि चांगला जोडा सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आला. मात्झेलिगर १८८९ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, क्षयाने गेले.

विसाव्या शतकातील जेम्स वेस्ट यांचाही परिणाम तितकाच दूरवर पोहोचला. त्यांनी व गेऱ्हार्ट सेसलर यांनी १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत कायमचा विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याचा मायक्रोफोन तयार केला. तो लहान आणि स्वस्त असल्यामुळे पुढील कित्येक दशके टेलिफोन, टेपरेकॉर्डर आणि श्रवणयंत्रे यांत तोच वापरला गेला.

स्त्रियांपैकी न्यू हेवन येथील सारा बून यांचा इस्त्रीचा फळा सर्वांना ठाऊक असतो. फळे आधीही होते. बून स्वतः कपडे शिवत, आणि १८९२ मधील त्यांचा अरुंद, वक्र फळा बाह्या व घट्ट बसणाऱ्या चोळ्यांच्या शिवणी न चुरगळता दाबता याव्यात म्हणून बेतलेला होता. न्यूयॉर्कमधील परिचारिका मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांनी पती अल्बर्ट यांच्यासह दाराबाहेरचा माणूस कॅमेऱ्यातून पडद्यावर दिसेल, त्याच्याशी बोलता येईल आणि दूरून कडी उघडता येईल अशी घरगुती व्यवस्था आखली. तिचे पेटंट १९६९ चे आहे. नेत्रतज्ज्ञ डॉ. पॅट्रिशिया बाथ यांना लेसरने मोतीबिंदू काढण्याच्या साधनाचे पेटंट १९८८ मध्ये मिळाले.

प्रश्न : अशा दाव्यांची खातरजमा सामान्य वाचकाने कशी करावी?

उत्तर : मूळ पेटंट वाचावे. अमेरिकेची जुनी पेटंटे आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात. त्यातील चित्र आणि शेवटचे दावे पाहिले, की त्या माणसाने नेमके काय नवे केले ते कळते. अडचण एवढीच, की पेटंटवर अर्जदाराचा वंश लिहिलेला नसतो. ही उणीव ज्यांनी भरून काढली, ते हेन्री बेकर स्वतः पेटंट कार्यालयात काम करणारे कृष्णवर्णीय अधिकारी होते. त्यांनी देशभरातील पेटंट वकिलांना पत्रे लिहून विचारणा केली, उत्तरे पडताळली, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात सुमारे ३५० पेटंटांची नोंद ठेवता आली. आज आपल्या हाती असलेल्या बहुतेक याद्या त्यांच्याच कामावर उभ्या आहेत. त्यांच्या यादीतून एखादे नाव घ्यावे आणि त्याचे पेटंट उघडावे. वर उल्लेख केलेल्या जॉन बर यांचेच पाहिले, तर गवत कापणारे पहिले यंत्र बनवल्याचा दावा तिथे कुठेही नाही. यंत्राच्या दातेरी चाकांत गवत अडकून ती बंद पडू नयेत म्हणून त्यांना पूर्ण झाकणारे आवरण कसे करावे, हे तिथे चित्रासह सविस्तर लिहिलेले आढळेल.