सगळंच ‘बॉर्डरलाइन’ आहे, मग मला काही झालंय की नाही?

‘मॅडम, डॉक्टर म्हणाले औषध नको. पण रिपोर्टवर चार ठिकाणी खुणा आहेत. म्हणजे मला काही झालंय की नाही?’

कंपन्यांच्या वार्षिक तपासण्या झाल्या की हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. त्यातल्या एकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर, वय ४२, दर आठवड्याला शिफ्ट बदलती. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६९ किलो, हातपाय काटकुळे. एकूण कोलेस्टेरॉल १७८, म्हणून स्वारी निर्धास्त होती. बाकीचे आकडे असे: उपाशीपोटी साखर १०८, रक्तदाब १३४/८८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) १८८, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३६. प्रत्येकापुढे कुणीतरी पेनने ‘बॉर्डरलाइन’ लिहिलेलं.

पाचवा आकडा रिपोर्टात नव्हताच. ‘कंबर ३४, पँट तेवढीच लागते,’ असं ते म्हणाले. पण पँट पोटाच्या खाली बसते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप लावली तर ९७ सेंटिमीटर भरली. आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा ९०, बायकांसाठी ८०.

साखर १०० किंवा जास्त, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४० च्या खाली (बायकांत ५०) आणि वाढलेली कंबर. या पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. यांच्या पाचही जुळत होत्या. गच्चीवरच्या एकाच टाकीचं गढूळ पाणी पाच नळांना यावं, तसं हे आहे. पोटाच्या आत, यकृताभोवती चरबी साठली की साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही. मग यकृत जास्त ट्रायग्लिसराइड रक्तात सोडतं, एचडीएल घसरतं, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, साखर हळूहळू चढते. सुटा सुटा आकडा किरकोळ वाटतो, पण एकत्र आले की हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो आणि मधुमेहाचा त्याहून बराच जास्त.

‘पण मी जाड कुठे आहे?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न. यासाठी मी पुण्याच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं उदाहरण देते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा वजन सांगतो, चरबी कुठे साठली आहे ते सांगत नाही.

हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मग खरी गोष्ट बाहेर आली. लाइनवरचा एक जोडीदार छातीत जळजळतंय म्हणून सोडा पिऊन झोपला होता, तो सकाळी उठलाच नाही. तेव्हापासून यांनी साखर मोजायचं मशीन आणलं होतं आणि रोज दोन-तीनदा बोट टोचत होते. नाइटहून आल्यावर, मध्येच बिस्किट खाऊन, ‘उपाशीपोटी’ म्हणून. मी सांगितलं, मशीन सध्या कपाटात ठेवा. दर काही महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करू, ते पुरे. (छातीत दडपण, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं, धाप लागणं यांपैकी काही झालं तर मात्र सोडा नाही, थेट हॉस्पिटल.)

सेकंड शिफ्टच्या आठवड्यात घरी पोचायला साडेबारा. मग ताट भरून भात, आमटी, दोन भाकऱ्या, आणि लगेच झोप. दिवसभरात कॅन्टीनचे सहा चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. ठरलं ते एवढंच: कॅन्टीनमध्ये आठ वाजता नीट जेवायचं, उसळ किंवा अंडी घ्यायची, घरी फक्त ताक. चहा तीन, साखर अर्धी. जेवणानंतर शेडबाहेर दहा-पंधरा मिनिटं चालायचं. भाकरी चांगली म्हणून चार खायच्या नाहीत, हेही सांगावं लागलं. त्यांना फार मोठं काही हवं होतं, जिम वगैरे. पण चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांनी आहार आणि चालणं सांभाळलं, तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटतं. तिथेही जिम नव्हती.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो त्या पाच आकड्यांत नसलेल्या गोष्टीवर. खिशातली तंबाखू-चुन्याची पुडी. ‘सिगारेट ओढत नाही ना मी!’ चघळलेल्या तंबाखूचं निकोटिनही रक्तातच जातं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात चघळण्याच्या तंबाखूचाही हृदयविकाराच्या झटक्याशी संबंध दिसला. माझ्या मते पाचही आकडे सुधारून पुडी तशीच राहिली तर अर्धं काम बाकीच आहे. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन मोफत आहे. त्यांनी तिथे फोन केला, बायकोने आग्रह धरल्यावर.

सहा महिन्यांनी कंबर ९२, वजन ६५, ट्रायग्लिसराइड १४१, साखर ९९. एचडीएल जवळपास तिथेच, ३७. रक्तदाब मात्र हटला नाही. घरी मोजलेले आकडेही वरच राहिले, तेव्हा डॉक्टरांनी गोळी सुरू केली. त्यावर ते रुसलेच: ‘मग एवढं करून काय मिळालं?’ मी आधीचा आणि आताचा, दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले. तीन नळ गोळीविना स्वच्छ होत आलेत, रक्तदाबाच्या नळाला लागली तर लागू दे. आणि गोळी सुरू झाली म्हणून ताकाच्या जागी पुन्हा भात येणार नाही, हे बायकोकडून कबूल करून घेतलं.

तंबाखू सुटली आहे, पण नाइटच्या आठवड्यात पहाटे चारच्या सुमाराला हात खिशाकडे जातो, असं ते सांगतात. त्या वेळेसाठी सध्या बडीशेप आणि लाइनवरच्या दुसऱ्या एकाची सोबत ठरवली आहे. तोही सोडतोय.