टेलला पाणी येईल ना?

पोरीच्या विषयनिवडीचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आलेले वैष्णवीचे (नाव बदललं आहे) वडील खुर्चीत नीट टेकायच्या आतच म्हणाले, "मॅडम, आधी एवढंच सांगा, मायनर म्हणजे बारकंच ना?"

नेवासे तालुक्यातला शेतकरी माणूस, मुळा उजव्या कालव्यावर रान. त्यांच्याकडे मायनर हा शब्द पाटबंधाऱ्याचा. मोठ्या कालव्यातून वितरिका निघते, तिच्यातून मायनर, तिथून शेतचाऱ्या. यांचं रान टेलला, म्हणजे अगदी शेवटाला. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की वरचे भिजवून घेतात, यांच्या बांधापर्यंत पोचलं तर पोचलं. दुसरा मायनर त्यांना तलाठ्याकडे भेटलेला. त्यांचे वडील लवकर गेले तेव्हा सातबाऱ्यावर यांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' लागलं होतं. अज्ञान, पालनकर्ता आई. आपली सही चालत नाही तो मायनर. आता पोरीच्या गुणपत्रिकेवर तोच शब्द येणार म्हटल्यावर माणूस धास्तावणारच.

वैष्णवीचं बीएस्सीचं पहिलं वर्ष झालं होतं. तिच्या कॉलेजात पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाचे: केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी. दुसऱ्या वर्षाला जाताना एक मेजर (मुख्य विषय), एक मायनर (जोडविषय) निवडायचा, तिसरा सुटतो. तिला बॉटनी मेजर हवं होतं. वडिलांना केमिस्ट्री. "केमिस्ट्रीवाल्याला एमआयडीसीत कुणी तरी विचारतं. झाडं काय, आमच्या बांधावर पण आहेत." फॉर्मवरच्या मेजरच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहून इतक्यांदा खोडलेलं, की कागद तिथे फाटायला आला होता.

मी आधी हिशेब मांडला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आहेत. त्यातले मेजरला किमान ६०, मायनरला किमान २४. एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं शिकवणं, प्रॅक्टिकल असेल तर ३०. म्हणजे मायनरला वेळ मेजरच्या निम्म्याहूनही कमी. पण म्हणून पेपर सोपा नसतो आणि मार्कही कुणी उदारपणे देत नाही. विहीर तीच, खणायची किती एवढाच फरक. ("खडक लागेपर्यंत," वडील मध्येच म्हणाले. बरोबर, खडक लागतो तो मेजरमध्ये.)

त्यांची खरी काळजी मात्र पुढच्या दाराची होती, आणि ती मला रास्त वाटते. आयोगानेच २०२४ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाचा आराखडा दिला. त्याप्रमाणे पदवीला मेजर असलेल्या विषयात एमएस्सी करता येतं आणि मायनर असलेल्या विषयातही. तरी प्रवेश देणार ते त्या-त्या विद्यापीठाचा विभाग. म्हणून जिथे जायचं तिथलं माहितीपत्रक आत्ताच काढून वाचा, असं मी दोघांनाही बजावलं. राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते. भारतीय वन सेवेला ठरावीक विषयांपैकी एक तरी पदवीला लागतो; त्या यादीत बॉटनीही आहे, केमिस्ट्रीही. कंपनीचं तसं नाही. जाहिरातीत 'बीएस्सी केमिस्ट्री' छापलेलं असेल, तर मायनरवर भागेलच अशी हमी मी देत नाही. तशी मी त्यांनाही दिली नाही. वैष्णवीचा चेहरा उतरला, पण हे तिनं आता ऐकलेलं बरं.

अशा वेळी मी कल चाचणी काढत नाही. प्रॅक्टिकलची जर्नल मागते. पुढच्या भेटीला ती दोन्ही घेऊन आली. केमिस्ट्रीची जर्नल सुबक, कव्हर घातलेली. टायट्रेशनची (थेंबाथेंबानं द्रावण मोजायच्या प्रयोगाची) तीन रीडिंग ९.८, ९.८, ९.८. पुढच्या प्रयोगालाही तिन्ही सारखीच. इतकं तंतोतंत? मी नुसतं बघितलं तर हसली; "मॅडम, सगळेच तसं लिहितात." खरंय, आम्हीही लिहायचो.

बॉटनीची जर्नल मळलेली. काप रंगवायच्या सॅफ्रनिनचे लाल डाग पार शिवणीपर्यंत. सूर्यफुलाच्या खोडाच्या छेदाची आकृती होती आणि समासात बारीक अक्षरात, 'ब्लेड नवं घ्यायचं. १७वा काप जमला. आधीचे जाड.' हे कुणी तपासणार नव्हतं, मार्कही नव्हते. मी ते पान वडिलांपुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि पोरीला विचारलं, "सतरा वेळा कापलं?" "पप्पा, त्या दिवशी बस चुकली ना माझी, ती त्याच्यामुळंच."

पण केमिस्ट्री तिला नकोशी नव्हती. सेंद्रिय भाग आवडायचा, आणि वनस्पतींमधली रसायनं शिकायची तर ती लागतेच. तेव्हा बॉटनी मेजर, केमिस्ट्री मायनर. वडील लगेच हो म्हणाले नाहीत. कॉलेजात बॉटनी मेजरची तुकडी निघते का, जागा किती, गुणवत्तेवर मिळते का, हे आधी कार्यालयात विचारून या म्हणाले. मला हा प्रश्न सुचायला हवा होता. मुलं दोन दिवस घोळ घालतात आणि तिसऱ्या दिवशी कळतं की त्या विषयाला पुरेशी मुलंच नाहीत.

तुकडी निघत होती. जुलैत त्यांचा फोन आला, यादीत नाव लागल्याचं सांगायला. मग म्हणाले, "आन् ते झूलॉजी? वर्षभर शिकली ते वाया?"

क्रेडिट तिच्या खात्यावर जमा आहेत, सुटला तो फक्त पुढचा अभ्यास, असं मी सांगितलं. पलीकडे मोटारीचा आवाज येत होता. "ठेवतो मॅडम," ते म्हणाले, "लाइट आहे तोवर भिजवून घेतो."