व्हॉल्व्हचा फ्लो आणि एक्स्पोनेन्शियल कर्व्ह: टोकांना का चुकतं?

तुमची तक्रार अशी की इक्वल पर्सेंटेज व्हॉल्व्हच्या (ओपनिंगच्या प्रत्येक समान टप्प्याला क्षमता समान टक्क्यांनी वाढते असा) रीडिंगवर बसवलेला कर्व्ह मधे जुळतो, पण 0 टक्के ओपनिंगलाही फ्लो दाखवतो आणि वरच्या टोकाला जास्त आकडा देतो.

आधी एक बघा: तुम्ही फ्लोवर कर्व्ह बसवलाय का? एक्स्पोनेन्शियल असतो तो केव्ही (व्हॉल्व्हच्या फ्लो-क्षमतेचा गुणांक), फ्लो नव्हे. व्हॉल्व्ह उघडत गेला की लाइनमधला लॉस वाढतो आणि व्हॉल्व्हच्या वाट्याचा प्रेशर ड्रॉप घटतो, म्हणून फ्लोचा कर्व्ह वर चपटा होतो. प्रत्येक रीडिंगला केव्ही = फ्लो ÷ √(प्रेशर ड्रॉप ÷ सापेक्ष घनता) काढा; फ्लो घनमीटर प्रति तास, ड्रॉप बारमध्ये. कॅव्हिटेशनमुळे (द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं) फ्लो चोक झालेली, म्हणजे ड्रॉप वाढवूनही फ्लो न वाढणारी रीडिंग वगळा. ओपनिंग कंट्रोलरच्या आउटपुटवरून घेऊ नका, स्टेमची (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) खरी पोझिशन घ्या, तीही चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा.

मग केव्हीचा नैसर्गिक लॉग घेऊन ओपनिंगविरुद्ध (0 ते 1) सरळ रेषा बसवा. समजा 20, 40, 60, 80, 100 टक्क्यांना केव्ही 1.8, 3.8, 8.4, 18, 36 आले. 20 ते 80 मध्ये दहापट वाढ, म्हणजे उतार 2.303 ÷ 0.6 = 3.84 आणि रेंजेबिलिटी (कर्व्हवर 100 टक्क्यांचा केव्ही भागिले 0 टक्क्यांचा) सुमारे 46. शून्याला कर्व्ह 0.84 देतो, 100 ला 38.8. वरचा 8 टक्के फरक फिटचा दोष नाही. पूर्ण उघडल्यावर ट्रिमपेक्षा (आतले फ्लो नियंत्रित करणारे भाग) बॉडीचाच अडथळा जाणवू लागतो.

शून्यावर आणण्यासाठी काहीजण (र^क्ष − 1) ÷ (र − 1) वापरतात (र म्हणजे रेंजेबिलिटी, क्ष म्हणजे ओपनिंग). दिसायला छान, पण र = 50 धरला तर 20 टक्क्यांना पूर्ण केव्हीच्या 0.044 पट ऐवजी 0.024 पट मिळतं, जवळजवळ निम्मं. मी तो वापरणार नाही. त्यापेक्षा 10 टक्क्यांखाली शून्यापासून कर्व्हपर्यंत (इथे 1.23) सरळ रेषा, 80 च्या वर मोजलेल्या बिंदूंमधून इंटरपोलेशन. नाहीतरी 10 टक्क्यांखाली कंट्रोल करायला जाऊच नये.

शेवटी एक्सेल: ट्रेंडलाइनचं समीकरण चार्टवरून हाताने उतरवू नका. ओपनिंग टक्क्यांत असताना उतार 0.0384 (3.84 ÷ 100) होतो; त्याचा 0.04 केलात तर 100 टक्क्यांना 17 टक्के चूक होते. स्लोप आणि इंटरसेप्ट सेलमध्येच काढा.