अरब क्वीअर (समलैंगिक, ट्रान्स वगैरे) लोकांवरचे लघुपट पाहायचेत, सुरुवात कुठून करू?

डोळे झाकून ‘वर्शा’पासून करा. डानिया बदीर या लेबनीज दिग्दर्शिकेचा हा लघुपट. 2022 साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात आंतरराष्ट्रीय लघुपटाचं ज्युरी पारितोषिक याला मिळालं.

मोहम्मद हा बैरुतमधल्या बांधकामावर राबणारा सीरियन मजूर. खोलीत सोबतचे कामगार, साइटवर पुन्हा तेच. एकांत असा नाहीच. म्हणून ज्या उंचच उंच क्रेनवर चढायला बाकीचे घाबरतात, ती चालवायला तो आपणहून पुढे होतो. वरच्या केबिनमध्ये त्याला पाहणारं कुणी नसतं. तिथे तो साखळीला लटकून नाचतो. संवाद जवळपास नाहीतच, पण त्या नाचात त्याचं दडपलेलं सगळं बाहेर येतं. ही भूमिका खानसा या लेबनीज कलाकाराने केलीय आणि काय जीव ओतलाय! माझ्या मते हा प्रसंग मोबाइलवर पाहू नका, मोठ्या पडद्यावर पाहा.

मग सलीम हद्दाद यांचा ‘मार्को’ (2019) पाहा. लंडनमध्ये राहणारा, आपल्या माणसांपासून तुटलेला ओमर एका अनोळखी तरुणाला घरी बोलावतो. पुढचं सांगत नाही.

असे चित्रपट फक्त युरोप-अमेरिकेत दाखवले जातात असं मात्र समजू नका. ट्युनिशियात दंडसंहितेच्या कलम 230 खाली समलैंगिक संबंधांना तीन वर्षांपर्यंत कैद आहे, तरी ‘मौजूदीन’ या संस्थेने 2018 मध्ये राजधानी ट्युनिसमध्येच क्वीअर चित्रपट महोत्सव भरवला. नवीन नावं शोधायची असतील तर त्यांचे कार्यक्रम चाळा.