१५ वर्षांच्या मुलीने घरीच केस ब्लीच केले, वर तपकिरी रंग लावला आणि मुळं हिरवट झाली. आता काय करू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेकीने शनिवारी रात्री बाथरूमचं दार लावून ब्लीच केलं. मुळं पिवळी आणि मधले केस नारंगी झाले, म्हणून घाबरून तिने लगेच वरून ॲश ब्राऊन रंग लावला. आता टाळूपासून तीन-चार बोटं केसांवर शेवाळ चढल्यासारखं दिसतंय. सोमवारी शाळा आहे, ती खोलीतून बाहेर यायला तयार नाही, तुम्ही तिला खूप ओरडलात. आता गडद तपकिरी रंगाचा आणखी एक डबा आणून सगळं झाकून टाकावं का, असं विचारताय.

कृपा करून आज तो डबा आणू नका. मी १७ वर्षं पार्लरमध्ये केस रंगवण्याचंच काम करते. असे बिघडलेले केस घेऊन आलेल्या कितीतरी मुली माझ्या खुर्चीत बसल्यात. केसांची खरी वाट पहिल्या चुकीने क्वचितच लागते. ती लपवायला त्याच रात्री, नाहीतर दुसऱ्या दिवशी, जे काही थापलं जातं ना, त्याने केस हातात येतात.

सगळ्यात आधी केस बाजूला ठेवा आणि टाळू बघा. उजेडात बसवून भांग पाडत पाडत पूर्ण डोकं तपासा, कानांमागे आणि मानेवरही. नुसता लालसरपणा असेल तर गार पाण्याने धुऊन तिथे काहीही न लावता राहू द्या. पाणी सुटलेले फोड, सोललेली त्वचा किंवा पापण्यांवर सूज दिसली तर केसांचा विषय तिथेच थांबवून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. चेहरा-ओठ सुजले किंवा श्वास लागला तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा. आज काही दिसत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. कायमस्वरूपी रंगांमध्ये बहुधा पीपीडी नावाचा घटक असतो, आणि त्याची ॲलर्जी कधीकधी दोन-तीन दिवसांनी उमटते. एकदा ती झाली की सहसा जन्मभर राहते. युरोपात अशा डब्यांवर ‘१६ वर्षांखालील व्यक्तींसाठी नाही’ असा इशारा छापावाच लागतो. हे मी तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही. पुढची दुरुस्ती करताना तो घटक पुन्हा तिच्या डोक्यावर जाऊ नये, एवढ्यासाठी सांगतेय.

आता ओरडण्याबद्दल. राग येणं साहजिक आहे, पण या घडीला तुम्हाला तिच्याकडून एक गोष्ट हवी आहे आणि ती रागाने मिळत नाही. तिने काय लावलं, कोणत्या क्रमाने, किती वेळ, आणि मागच्या वर्षभरात आणखी काय काय लावलं होतं, हे सगळं खरं खरं कळायला हवं.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी आईबरोबर आली होती, साधारण तुमच्या लेकीच्याच वयाची. ‘एकदाच रंग लावलाय, बाकी काही नाही,’ असं आईसमोर म्हणाली. मला केसांचा पोत वेगळा वाटला, म्हणून मानेजवळची बारीकशी बट कापून डेव्हलपरच्या, म्हणजे रंगात किंवा ब्लीचमध्ये कालवायच्या द्रावाच्या, मिश्रणात टाकली. वाटी हाताला गरम लागायला लागली. मी आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, की तीन महिन्यांपूर्वी मैत्रिणीकडे काळ्या मेंदीची पूड लावली होती. शुद्ध मेंदीने असं होत नाही. पण काही मिश्र पुड्यांमध्ये धातूंचे क्षार असतात आणि डेव्हलपरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडली की केस तापतात, वितळल्यासारखे होतात, तुटतात. ती बट न कापता सरळ डोक्यावर काम सुरू केलं असतं तर काय झालं असतं, हे आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो. मुलीला आईला फसवायचं नव्हतं. आणखी बोलणी खायची भीती होती, इतकंच. म्हणून तुम्ही लेकीच्या शेजारी बसा, ‘जे लावलंस ते सांग, मी रागावणार नाही, मला केस वाचवायचेत’ असं म्हणा, आणि खरंच रागावू नका. रिकामे डबे, पाकिटं कचऱ्यातून काढून ठेवा. त्यावरचे आकडे कामाला येतील.

हिरवं का झालं, हे समजलं की उपाय आपोआप सुचतो. गडद केस ब्लीच केले की रंग एकदम जात नाही, पायऱ्या उतरत जातो. आधी तांबूस तपकिरी, मग लाल, मग नारंगी, मग पिवळा, मग फिका पिवळा. मुळांपाशी डोक्याची ऊब असते, त्यामुळे तिथे ब्लीच झपाट्याने काम करतं आणि तो भाग पिवळ्यापर्यंत पोचतो. मधले केस नारंगीवर अडकतात, टोकं जेमतेम हलतात. तुम्ही लिहिलंय तंतोतंत तसंच. आता तिने लावलेला ॲश रंग बघा. ॲश म्हणजे राखेची छटा, आणि ती आणायला त्या रंगात निळा किंवा हिरवा अंश घातलेला असतो. नारंगीवर निळा पडला की दोघं एकमेकांना मारतात आणि छान तपकिरी उरतो, म्हणून मधला भाग बरा दिसतोय. तोच निळा पिवळ्यावर पडला की हिरवा होतो, लहानपणी रंगपेटीत व्हायचा तसाच. एकच डबा, एकच डोकं, तरी तीन जागी तीन निकाल.

म्हणजे मुळांमध्ये रंग जास्त झालेला नाही, कमी पडलाय. तुमच्या केसांचा तपकिरी रंग हा लाल, पिवळा आणि निळा यांचा मेळ असतो. ब्लीचने मुळांतला लाल पार धुऊन नेला. तो जागेवर नसताना वरून कितीही गडद तपकिरी लावा, चार-पाच धुण्यांत खालचा हिरवा पुन्हा डोकं वर काढणार. माझ्या पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. एका मुलीच्या हिरवट केसांवर पंधरा दिवसांत तीनदा तपकिरी रंग चढवला, दर वेळी डेव्हलपरसकट. तिसऱ्या वेळी केस धुताना मानेजवळची बट माझ्या बोटांत राहिली. ते मी विसरलेली नाही.

तर आधी तांबडा भरायचा, मग तपकिरी. आमच्या कामात याला फिलिंग म्हणतात.

त्याआधी केसांत किती दम उरलाय तो बघा. मुळाजवळचा एक केस ओला करून दोन चिमटींत धरा आणि हळूच ताणा. थोडा लांबून परत जागेवर आला तर ठीक. च्युइंगमसारखा लांबत गेला आणि तुटला तर घरी काहीच करू नका, नुसता कंडिशनर लावा आणि जाणकाराकडे न्या.

केस ठीक असतील तर सेमी-परमनंट रंग आणा, म्हणजे थेट केसावर बसणारा, डेव्हलपर न लागणारा. डब्यावरच्या शब्दांवर विसंबू नका, सोपी खूण सांगते. दोन बाटल्या एकमेकींत मिसळायच्या असतील तर त्यातल्या एकीत पेरॉक्साइड आहे, तो डबा परत ठेवा. दोन छटा लागतील. एक तांब्याची, म्हणजे कॉपर, आणि दुसरी उबदार किंवा मध्यम तपकिरी. नावात ॲश, कूल, स्मोकी असं काही असेल तर ती नको. तपकिरी छटा तुम्हाला हवी त्यापेक्षा एक-दोन पायऱ्या फिकी घ्या, कारण ब्लीच झालेला केस सच्छिद्र होतो, रंग अधाशासारखा ओढतो आणि अपेक्षेपेक्षा गडद दिसतो. दोन्ही रंगांचा एकेक ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास थांबा.

मला माहीत आहे, ४८ तास म्हणजे सोमवार उलटून जाणार. तरी थांबा. टाळू धडधाकट असेल तर सोमवारी सकाळी मॅट तपकिरी आयशॅडो मऊ ब्रशने भांगेच्या दोन्ही बाजूंना आणि कपाळाच्या कडेने हलकेच फिरवा, भांग सरळ न ठेवता नागमोडी पाडा आणि केस सैल बांधा. शाळेचा दिवस निभेल. तिला हे आदल्या संध्याकाळीच करून दाखवा, म्हणजे तिला रात्री झोप लागेल.

मग फिलिंगच्या दिवशी केस सौम्य शाम्पूने धुऊन टॉवेलने टिपून घ्या. कपाळावर, कानांवर पेट्रोलियम जेली लावा, हातमोजे घाला. कॉपर रंगात साधारण तेवढाच पांढरा कंडिशनर मिसळा, कारण आपल्याला भडक नारंगी डोकं नको, हिरव्याला मारेल इतकाच तांबडा हवा. आतल्या थरातल्या एका बारीक बटेवर आधी लावून बघा. वीस मिनिटांनी पुसल्यावर हिरवा जाऊन फिकट तांबूस दिसला तर प्रमाण जमलं. अजून हिरवट वाटला तर कंडिशनर कमी करा. मग हेच फक्त हिरव्या पट्ट्यावर लावा. मधल्या केसांवर आणि टोकांवर अजिबात नेऊ नका, ती ठीक आहेत. वीस-तीस मिनिटांनी कोमट पाण्याने धुवा, शाम्पू नको. या टप्प्यावर मुळं तांबूस दिसतील आणि लेक कदाचित रडायला लागेल. तिला आधीच सांगून ठेवा की हा मधला मुक्काम आहे. केस टिपून त्याच पट्ट्यावर तपकिरी लावा आणि दर पाच मिनिटांनी एक बट ओल्या कापसाने पुसून बघा. मधल्या केसांशी रंग जुळला की लगेच धुवा. डब्यावर अर्धा तास लिहिला असेल आणि दहाव्या मिनिटाला जुळला असेल तर दहाव्या मिनिटालाच धुवायचं.

लोक तुम्हाला टोमॅटो सॉस सुचवतील. त्यातला लाल केसांत टिकत नाही. पोहण्याच्या तलावात केस हिरवे होतात ते पाण्यातल्या तांब्यामुळे, त्यासाठीचे शाम्पू वेगळे, आणि तुमच्या हिरव्यावर त्यांचा उपयोग नाही. लिंबू लावून उन्हात बसणं किंवा खाण्याच्या सोड्याने घासणं तर नकोच. एक टाळूला झोंबेल, दुसरा आधीच उघडलेले केसांचे खवले आणखी उघडेल. जांभळा शाम्पूही इथे चुकीचा. तो पिवळेपणा मारायला असतो, हिरव्याला मारायला लाल लागतो.

हा प्रश्न वाचणाऱ्या ज्यांच्या घरी उलटं झालंय, म्हणजे रंग फार काळा बसलाय, त्यांच्यासाठी दोन ओळी. वरून फिका रंग लावून काळा उतरत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत तेलकटपणा काढणाऱ्या शाम्पूने धुवा, किंवा व्हिटॅमिन सीच्या साध्या गोळ्यांची पूड शाम्पूत कालवून अर्धा तास ठेवा, बराच फरक पडतो. टाळू सोललेली असेल तर हेही करू नका.

पुढचे दोन महिने स्ट्रेटनर आणि गरम ड्रायर कपाटात ठेवा. आठवड्यातून दोनदाच केस धुवा, पाणी कोमटच घ्या, आणि धुण्याआधी दोन-तीन तास खोबरेल तेल लावा. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. उशीला जुना अभ्रा घाला, रंग लागतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे चार बोटं कोरे केस यायला सहा-सात महिने जातील. तोवर कायमस्वरूपी रंग नाही आणि ब्लीचही नाही. हे तिच्याशी बोलून ठरवा. तिला मुळात कोणता रंग हवा होता तेही विचारा. बऱ्याचदा तिला हवी असते ती एखादी रंगीत बट, आणि ती केस कोरे वाढल्यावर टाळूला न लागता करता येते.

सेमी-परमनंट रंग दर धुण्याला थोडा निघत जातो. तीन-चार आठवड्यांनी मुळांवर पुन्हा हिरवट झाक दिसली तर घाबरू नका. उरलेला कॉपर रंग झाकण घट्ट लावून ठेवून द्या. मोठ्या वाटीभर कंडिशनरमध्ये तो एक चमचा मिसळून फक्त त्या पट्ट्यावर दहा मिनिटं ठेवला की झाक जाते. तेव्हा वरून तपकिरी लागलाच तर लावा, बहुतेक वेळा लागत नाही.