काट्याच्या नोंदी सर्व्हरवर चढायला इतका वेळ का लागतो?

जिनिंगमधील कापसाच्या काटापावत्या यवतमाळच्या सर्व्हरवर चढवताना फार वेळ लागतो, असे आपण विचारले आहे. डेटाबेसमध्ये ऑटोकमिट (प्रत्येक आदेश लगेच आपोआप कायम करण्याची सोय) चालू असल्यास प्रत्येक इन्सर्ट (नोंद घालण्याचा आदेश) हा स्वतंत्र व्यवहार (एकत्रच पूर्ण किंवा एकत्रच रद्द होणारा आदेशांचा गट) ठरतो आणि प्रत्येक कमिटला (व्यवहार कायम करण्याला) लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, डिस्कवर प्रत्यक्ष उतरेपर्यंत थांबावे लागते. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या) हार्ड डिस्कचा एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांचा असल्याने एका जोडणीवरून सेकंदाला साधारण १२० कमिटच्या पुढे जाणे कठीण असते. म्हणून पाचशे-हजार नोंदींचा एकच व्यवहार करावा. मात्र तेवढ्याने नेटवर्कवरील फेऱ्या (आदेश पाठवून उत्तराची वाट पाहणे) कमी होत नाहीत, आणि गावाकडील जोडणीवर बराच वेळ तिथेच जातो. त्यासाठी एकाच इन्सर्टमध्ये अनेक ओळी पाठवाव्यात. वजन टाइप होईपर्यंत व्यवहार उघडा ठेवणे टाळावेच, कारण तोवर लॉक (त्या नोंदी इतरांना बदलू न देणारी कुलपे) अडकून राहतात. शेतकऱ्याची पावती आणि तिच्या चुकाऱ्याची नोंद मात्र वेगासाठीही दोन व्यवहारांत विभागू नये.