वडील निवृत्तीनंतर घराबाहेरच पडत नाहीत. त्यांच्या वयाच्या पुरुषांसाठी आसपास एखादा गट असतो का?

असतो, आणि शहरात राहत असाल तर बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर असतो. मी डोंबिवलीतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचं कार्यवाहपद सांभाळतो. तुम्ही लिहिलंय की आई गेल्यापासून वडील दिवसभर टीव्हीसमोर बसतात आणि 'जरा बाहेर जा' म्हटलं की चिडतात. अशा घरांतून आमच्याकडे चौकशीला येतात ती मुलं आणि सुना. ज्यांच्यासाठी चौकशी, ते घरीच असतात.

बायकांचं भजनी मंडळ असतं, भिशी असते, हळदीकुंकवाच्या निमित्ताने चार घरी जाणंयेणं असतं. आमच्या पिढीतल्या नोकरदार पुरुषाची दोस्ती मात्र लोकलच्या डब्यात झाली. ठरलेली गाडी, ठरलेला दरवाजा, एकमेकांसाठी धरलेली जागा, टाळांच्या ठेक्यावर भजन, दसऱ्याला डब्यात झेंडूची तोरणं आणि पेढे. पास काढणं थांबलं की हे सगळं एका दिवसात संपतं. शेजारच्या दारावरची पाटी पाठ असते, पण आतल्या माणसाशी निवांत बोलणं कधी झालेलंच नसतं. त्यामुळे वडील माणूसघाणे झालेत असं कृपा करून समजू नका.

'या गप्पा मारायला' म्हटलं की पुरुष येत नाही, काम सांगितलं की येतो. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ कितीही बोलावलं तरी फिरकत नव्हते. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, पण ऐंशीच्या पुढच्यांची त्यात तारांबळ उडते. चष्मा काढा, उजेडाकडे तोंड करा, पापण्या मिटा, उघडा. 'यात मदत करणारा माणूस हवाय' असा निरोप धाडला आणि ते आले. एकेकाला समोर बसवून आधार क्रमांक तपासत राहिले. दाखले संपले तरी येत राहिले, आता संघाचा हिशेब तेच लिहितात. पत्नीबद्दल ते पहिल्यांदा बोलले ते पावतीपुस्तक जुळवताना, मान खाली घालून.

म्हणून आधी तुमच्या भागातल्या संघाच्या एखाद्या पदाधिकाऱ्याला गाठा आणि वडिलांना काय येतं ते सांगा: हिशेब, वायरिंग, पेटी, पत्रव्यवहार, काहीही. निरोप त्यांच्या वयाच्या माणसाकडूनच जाऊ दे. मुलाने हाताला धरून आणलेले गृहस्थ कोपऱ्यात बसतात आणि पुढच्या आठवड्यात येत नाहीत, हे मी फार पाहिलंय.

राज्यातले पुष्कळ संघ 'फेस्कॉम' या महासंघाशी जोडलेले आहेत. पिंपरी-चिंचवड, नवी मुंबई अशा महापालिकांची विरंगुळा केंद्रंही आहेत. तिथे वर्तमानपत्रं, कॅरम असतात. बागेतला हास्यक्लबही चालेल. ती चळवळ आपल्याच अंधेरीत, लोखंडवाला संकुलातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मोजक्या पाच जणांना घेऊन सुरू केली. मात्र शांत स्वभावाच्या माणसाला पहिल्याच दिवशी तिथे नेऊ नका, बुजेल.

जवळ काहीच नसेल तर सोसायटीतल्या चार-पाच जणांनी ठरलेल्या वेळी एका बाकावर बसायला लागावं. नोंदणीची घाई नको. पुढे संस्था म्हणून नोंदवायचं झालं तर किमान सात सभासद आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाचे खेटे, ते नंतर बघता येईल.

एक मात्र सांभाळा. वडिलांची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, 'आता कशाला जगायचं' असं बोलत असतील, तर संघाच्या भरवशावर राहू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. तिथे त्यांच्याऐवजी तुम्हीही फोन करू शकता.